लॅपटॉपात माझी जागा

ऑक्टोबर आला की मला घाम फुटतो, आणि तो सगळा उन्हाचा नसतो. आज सकाळी गल्लीच्या तोंडाशी मांडववाला आला, टेम्पोतून बांबू टाकले धाडधाड, वायरचं भेंडोळं खांद्यावर, आणि मी इथे वर घरात माझ्या मुलीच्या, मैत्रीच्या, डब्यात पोळी-भाजी भरत होते. हातातला डबा तसाच टाकून मी आधी लॅपटॉपकडे धावले. आता लॅपटॉप दुसरा आहे, त्याला बॅटरी आहे, लाईट गेली तरी तो काही मरत नाही, मला माहीत आहे हे सगळं. पण शरीराला कोण सांगणार? ते आपलं धावतं.

घाटकोपरच्या डोंगरावर राहणाऱ्यांना हा महिना नीट माहीत असतो. पावसाने धुतलेला पत्रा परत तापायला लागतो, दुपारी भिंतीला हात लावला तर भिंत ताप आलेल्या पोरासारखी लागते. खाली बुद्धविहारात पावसाळाभर चालणारं वर्षावासाचं वाचन संपत आलेलं असतं, बायका पांढऱ्या साड्या निळीच्या पाण्यातून काढतात आणि गल्लीभर त्या ओल्या साड्यांखालून वाकून जायला लागतं. आणि आमच्या घरात वास असतो छापून आणलेल्या फ्लेक्सच्या गुंडाळ्यांचा. नवीन चप्पल आणि रॉकेल यांच्या मधला काहीतरी वास, जेवताना पण येतो, मैत्रीच्या केसांना पण येतो. माझा नवरा, विशाल, बॅनर बनवतो. म्हणजे छापत नाही, छापखाना खाली रस्त्यावर दुसऱ्याचा आहे, विशाल डिझाइन करतो. वाढदिवस, नवरात्र, धम्मचक्र प्रवर्तन दिन, दिवाळी, सगळ्या भाऊ-दादा लोकांचे हात जोडलेले फोटो आमच्या लॅपटॉपातून जातात. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत त्याचा सीझन. या दिवसांत जे होईल त्यावर पुढचं घर चालतं, एवढं सरळ आहे.

ही भीती बसली त्या वर्षी मैत्री दीड वर्षाची होती आणि मी रविवारी विहाराच्या वरच्या हॉलमध्ये कॉम्प्युटर शिकायला जात होते. बारावी माझी अर्धी राहिली, मग लग्न, मग मैत्री, त्यामुळे शिकायला जाते म्हणायची पण लाज वाटायची, मी सांगायची की विहारात जाते. खोटं नव्हतंच ते. शिकवायला प्रज्ञाताई यायची. ती इंजिनिअर, मोठ्या कंपनीत, पण बोलायला आमच्यासारखीच. एका कॉम्प्युटरवर दोघी-दोघी बसायचो, माझ्याबरोबर रुबिना, पलीकडच्या गल्लीतली, तिला कशाचीच भीती वाटत नाही, तिच्या वाटची भीती पण तिने मलाच देऊन टाकलेली.

एका रविवारी प्रज्ञाताई म्हणाली, पार्ल्याचं एक ऑफिस आपल्यातल्या काही मुलींना शिकाऊ म्हणून घेणार आहे. दिवाळीनंतर परीक्षा. पण ज्याच्या त्याच्या मशीनवर काम करून दाखवायचं, आणि त्यावर लिनक्स पाहिजे, कारण त्या ऑफिसात सगळं त्यावरच चालतं. कुठलं लिनक्स ते तुम्ही निवडा. आणि का निवडलं ते मला सांगा.

मला आधी हेच कळेना की हे निवडायचं असतं. मला वाटायचं कॉम्प्युटर चालू केला की विंडोज येतं, जसं नळ सोडला की पाणी येतं. ताईने समजावलं, मशीन उठल्यावर सगळ्यात आधी जे उठतं आणि बाकी सगळ्यांना कामाला लावतं, ती ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज एक झाली. लिनक्स दुसरी, आणि ती उघडी आहे, ओपन सोर्स, कोणीही आत बघू शकतं, बदलू शकतं, दुसऱ्याला देऊ शकतं, कुणाची परवानगी नको. म्हणून तर तिचे इतके प्रकार, उबंटू, मिंट, फेडोरा, आर्च, अजून कितीतरी.

घरी येऊन मी हे सासूबाईंना सांगितलं. आई बुलढाण्याकडच्या, इतकी वर्षं मुंबईत राहून पण बोली तिकडचीच. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे पाण्यावानी. सगळ्यायचं." आणि परत तांदळात बघायला लागल्या, जसं काही यात नवल काय.

मला मात्र झोप लागेना. कारण मशीन घरात एकच होतं, आणि ते विशालचं.

त्या लॅपटॉपची गोष्ट अशी की त्याची बॅटरी फुगली होती, म्हणून काढून टाकलेली. तो फक्त वायरवर चालायचा. त्याच्या बटणावर विशालने लाल टेप चिकटवली होती, म्हणजे या बटणाला घरात कोणी हात लावायचा नाही. प्लग ढिला, त्यात कागदाची घडी खोचलेली. मैत्री रांगायला लागली तेव्हा तिला पहिला धपाटा त्या वायरीवरून बसला. आणि विशाल तो कधी बंद करायचा नाही, नुसतं झाकण पाडायचा. बंद करून परत चालू केला तर डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडायला इतका वेळ लागायचा की गिऱ्हाईक खाली चहा पिऊन परत यायचं. असा तो लॅपटॉप, आजारी म्हाताऱ्यासारखा, सगळं घर त्याच्या कलाने चालायचं. आणि त्याच्या पोटात मी दुसरी सिस्टिम घालणार होते.

आईंसमोर मी नवऱ्याला अहो म्हणते, दोघंच असलो की विशाल. त्या दिवशी मी अहो-विशाल दोन्ही करून बघितलं.

"माझ्या फायली?" तो म्हणाला.

"त्यांना काही होत नाही. विंडोज तसंच राहतं. शेजारी थोडी जागा करून हे बसवायचं. चालू करताना विचारतं, हे की ते."

"आणि नाही विचारलं तर?"

"विचारतं म्हणे."

"म्हणे? शीतल, यार, सीझन तोंडावर आहे आणि तू म्हणे म्हणतेस? दिवाळीनंतर कर काय ते."

"दिवाळीनंतर परीक्षाच आहे. सराव कधी करू?"

तो मानेवरचा घाम पुसत म्हणाला, "कर. पण माझं काही हलता कामा नये. एक फाईल जरी हलली ना, तर वाट लागेल आपली. तुझी नाही, माझी नाही, आपली."

हे आपली ऐकून मला बरं वाटायला पाहिजे होतं. उलट वाटलं, आता चुकायची सोयच उरली नाही.

निवडायचं कसं? वर्गात तर भांडणंच. रुबिना म्हणाली, "अगं आर्च टाक ना, झकास आहे, सगळं आपल्या हाताने बसवायचं, मग कळतं कुठे काय आहे." मी म्हटलं, मला एक भाजी बसवताना पण मध्ये चारदा उठायला लागतं. कोणी म्हणे उबंटू, सगळं जग वापरतं, अडलं तर कोणीतरी सांगतं. कोणी म्हणे फेडोरा, एकदम ताजं. मी सगळ्यांना हो हो म्हणत होते आणि मला आतून एकच दिसत होतं, लाल टेप.

मग ताईने सांगितलं की पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, लॅपटॉपला हात न लावता. लॅपटॉप पेनड्राइव्हवरून उठतो, आतल्या सामानाला धक्का लागत नाही, आणि बंद केलं की सगळं पुसलं जातं, जसं काही तुम्ही आलाच नव्हता.

ते दुपारचे दिवस मला अजून अंगावर आठवतात. विशाल छापखान्यात गेला की मी त्याला फोन करायची, "बंद करू का?" तो सगळं सेव्ह आहे ना ते आठवायचा, दोनदा आठवायचा, मग म्हणायचा कर. मैत्रीला मांडीवर पालथं घालून एका हाताने थापटायची, दुसऱ्या हाताने पेनड्राइव्ह लावायची. पंखा फुल, तरी मानेवरून घामाचे ओघळ. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं भरभर पळायची आणि मी श्वास धरून बसायची, त्यातला एखादा शब्द ओळखीचा वाटला तर जीव भांड्यात, एखाद्यात एरर दिसलं की परत उडायचा.

आणि ते असं विसरणारं यंत्र बघून मला माझंच पहिलं वर्ष आठवायचं. लग्न होऊन या खोलीत आले तेव्हा माझी बॅग पलंगाखाली होती. कपाटात जागा नव्हती, कुणी नाही म्हणालं नव्हतं, पण जागा नव्हती. मी सकाळी उठून माझा कंगवा, माझी टिकली, माझं सगळं परत बॅगेत टाकायची. संध्याकाळी काढायची, सकाळी टाकायची. कुणाला अडचण नको. माझी पण एक पेनड्राइव्हवरची वस्ती होती ती. मैत्री झाली तेव्हा तिच्या लंगोटांना कपाटात एक खण मिळाला आणि त्या खणात मागच्या बाजूला मी माझा कंगवा ठेवला. तिथपासून मी इथली झाले असं मला वाटतं.

शेवटी निवड कशी झाली सांगू? आमच्या डोंगरावर लाईट जाते. कधी पण जाते. आणि बॅटरी नसलेला लॅपटॉप लाईट गेली की पडतो, परत उठवायला लागतो. म्हणून मी बाजूला कुकर लावायची आणि बघायची, पडद्यावर काम करण्यासारखं काही यायला किती शिट्ट्या होतात. आमच्या त्या जुन्या मशीनवर एकाला भात होऊन जायचा. दुसऱ्याला वरण. मिंटची एक हलकी आवृत्ती होती, ती पहिल्या शिट्टीच्या आसपास उठून बसायची. शिवाय त्यावर लिहिलं होतं की पुढची काही वर्षं हिची देखभाल होत राहील, उगीच रोज नवं काही येणार नाही. मला तेच पाहिजे होतं. माझ्या आयुष्यात नवं फार झालं होतं.

"काय नाव म्हणालीस?" विशालने विचारलं.

"मिंट."

"पुदिना टाकतेस लॅपटॉपात? चटणी करणार का माझ्या फायलींची?"

तो हसला, मी पण हसले, पण मला ती चटणी दिसली.

वर्गात मी कारण सांगितलं तेव्हा सगळ्या खो-खो हसल्या, रुबिना तर बाकावर पडून. प्रज्ञाताई हसली नाही, म्हणजे थोडी हसली, मग म्हणाली, "कारण आहे ना? मग बास. पण शीतल, बॅकअप घेतल्याशिवाय हात लावायचा नाही. सगळ्या फायलींची दुसरीकडे कॉपी. समजलं?"

समजलं. मी विशालला विचारलं, बॅकअप आहे का? तो म्हणाला, "आहे ना, सगळं व्हॉट्सॲपवर आहे. गिऱ्हाइकाला पाठवल्याशिवाय एक बॅनर पुढे जात नाही." बरोबर होतं त्याचं. मी त्याच्या मोबाईलमध्ये बघितलं पण होतं, बॅनरच्या खाली बॅनर, बॅनरच्या खाली बॅनर. मला वाटलं, हाच बॅकअप. त्याला पण तेच वाटलं. आमच्याकडे कोणाला वाटलं नसतं?

दसऱ्याच्या आधीची दुपार होती. ऊन असं की कावळे पण बोलत नव्हते. विशाल विहाराचा मोठा बॅनर घेऊन खाली गेला होता, मांडवाच्या कमानीला लावायला. आई मैत्रीला घेऊन दारात बसल्या होत्या, त्यांचा छोटा स्पीकर बाजूला, पेनड्राइव्ह लावलेला, त्यात भीमगीतं हळू आवाजात. मी बसले. पडद्यावर विचारलं, इन्स्टॉल करायचं? दोन पर्याय. एकात इरेज डिस्क. इरेज म्हणजे खोडणं, एवढं मला शाळेतलं आठवत होतं, त्या ओळीकडे मी बघितलं पण नाही, माउस पण तिच्या वरून नेला नाही, खालून फिरवून आणला. दुसऱ्यात, विंडोजच्या शेजारी बसवा. ते निवडलं. मग एक आडवी पट्टी आली, मध्ये एक रेघ, डावीकडे विशाल, उजवीकडे मी. रेघ ओढून जागा ठरवायची. मी माझ्याकडे अगदी थोडी ठेवली. मग वाटलं, अजून थोडी कमी. मग मशीनच म्हणालं, याहून कमी चालणार नाही.

मी बटण दाबलं. जागा करायला सुरुवात झाली. थोडा वेळ लागेल, मध्ये थांबवू नका, असं काहीसं होतं.

आणि पंखा थांबला.

आधी मला पंखाच कळला. पात्यांचा आवाज हळू हळू कमी होत गेला, आणि मग गल्लीतल्या सगळ्या घरांचे आवाज बंद, टीव्ही, मिक्सर, पलीकडच्या शिलाई मशीनचा. मी लॅपटॉपकडे बघायच्या आधीच मला माहीत होतं. काळा. पूर्ण काळा, त्यात माझंच तोंड.

मी दारातून ओरडले, "लाईट कोणी काढली?" खालून पोरांचा आवाज आला, "मांडववाला जोडतोय, वहिनी! कमानीचे लाईट लावतोय! आत्ता येईल!" आमच्याकडे असंच. मीटरच्या पेटीतला फ्यूज काढायचा, वायर जोडायची, फ्यूज परत. विचारायची पद्धत नाही. आणि उजेड कशावर पडणार होता, तर विशालच्या बॅनरवर.

"काय झालं वं? तोंड काहून असं झालं तुझं?" आई म्हणाल्या.

मी नुसतं लॅपटॉपकडे बोट दाखवलं. लाईट आली. मी लॅपटॉप चालू केला. तो उठला, काहीतरी अक्षरं आली, आणि थांबला. परत केलं. परत थांबला. मी म्हटलं घाबरू नकोस, बॅकअप आहे, आणि माझ्या मोबाईलवर विशालने मला पाठवलेला एक बॅनर उघडला. बोटांनी मोठा केला. अक्षरं फाटली, कडा धुरकट झाल्या. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हा फोटो आहे. नुसता फोटो. यातलं नाव बदलता येत नाही, भाऊंचा चेहरा उचलून बाजूला ठेवता येत नाही, काहीच हलत नाही. जे हलतं ते सगळं त्या लॅपटॉपात. दसऱ्याचं, दिवाळीचं, मागच्या सगळ्या वर्षांचं. ज्यावरून तो नवीन बनवतो ते साचेच त्यात. आणि आमच्याकडे उरले होते त्याचे फोटो.

तेवढ्यात विशालचा फोन. "ऐक, भाऊंचा माणूस आलाय, बॅनरवर अजून एक नाव पाहिजे म्हणतो, संध्याकाळी छापायचंय. मी वर येतोय. लॅपटॉप मोकळा कर."

मी हो म्हटलं. काय म्हणणार होते?

मैत्री आता शाळेत जाते, मी पार्ल्याला जाऊन-येऊन काम करते, अशा काळ्या पडद्यांसमोर रोज बसते, कोणाचं काही पडलं की मीच सांगते, घाबरू नका, आधी काढून घेऊ. सांगताना माझा आवाज शांत असतो. लोकांना वाटतं हिला भीती वाटत नाही. मला त्या दुपारचा पंखा ऐकू येत असतो.

त्या दुपारी एवढंच सुचलं की पेनड्राइव्हवरची ती पाहुणी, मिंट, तर आहे अजून. ती लॅपटॉपच्या पोटातून उठत नाही, बाहेरून उठते. मी तिच्यावरून चालू केला. ती उठली. मी आतली डिस्क उघडायला गेले. गोल फिरत राहिलं काहीतरी. मग एक निरोप आला, डिस्क नीट बंद झालेली नाही, फक्त वाचता येईल, लिहिता येणार नाही. फक्त वाचता येईल! मी ती ओळ दोनदा वाचली, बोट ठेवून. आणि उघडली. विशालचे फोल्डर. 'दिवाळी', 'वाढदिवस', 'विहार', 'भाऊ फायनल', 'भाऊ फायनल फायनल'. सगळे होते.

"आई, आहेत!" मी म्हटलं, आणि लगेच दुसरी भीती, कॉपी करू कुठे? लावलेल्या पेनड्राइव्हवर तर सिस्टिम चाललेली. दुसरा नाही. मोबाईल भरलेला, सगळा मैत्रीच्या फोटोंनी. हा लॅपटॉप आता एकदा उठलाय, परत उठेल की नाही कोणाला माहीत. विशाल चढ चढत असेल.

आईंनी माझ्याकडे बघितलं, मग स्पीकरकडे. गाणं चालूच होतं. त्यांनी ते मध्येच तोडलं, पेनड्राइव्ह उपटला आणि माझ्यासमोर धरला.

"घे. यात भर."

"आई, यात तुमची गाणी आहेत. जागा करायला पुसायला लागतील."

"पुस मंग. गाण्यायचं काय, माह्या तोंडात हायेत सारी."

मी पुसली. एकेक फोल्डर उचलला, टाकला. हिरवी पट्टी सरकत होती आणि मला वाटत होतं मी ती डोळ्यांनी ढकलतेय. दारात आई उभ्या राहिल्या, मैत्री कडेवर, आणि गल्लीत बघून जोरात ओरडल्या, "ए मांडववाल्या! आता लाईनीले हात लावशील तं हात तोडून ठेवीन! सांगून ठेवते!"

विशाल आला तेव्हा अर्ध्याहून जास्त झालं होतं. त्याने पडदा बघितला, तो त्याचा नव्हता, आणि त्याचा चेहरा उतरला.

"काय केलंस तू?"

मी सांगितलं. सगळं एका दमात सांगितलं, त्यातलं त्याला किती कळलं माहीत नाही.

"मी सांगितलं होतं ना काही हलता कामा नये! एकच गोष्ट सांगितली होती!"

मैत्री रडायला लागली. आई पुढे आल्या. "ओरडू नको. मांडववाल्यानं लाईन काढली. अन् कोणाच्या बॅनरवर उजेड पाडाले काढली? तुह्याच. जा, त्याले ओरड."

"पण व्हॉट्सॲपवर आहे ना सगळं?" तो मला म्हणाला, आता आवाज बारीक.

मी त्याला तो बॅनर मोठा करून दाखवला. फाटलेली अक्षरं दाखवली. त्याने मोबाईल हातात घेतला, अजून मोठा केला, अजून मोठा केला. मग पलंगावर बसला. खाली भाऊंचा माणूस थांबला होता आणि हा बसून होता.

कॉपी झाली. पेनड्राइव्ह काढून त्याने मुठीत धरला. मग आम्ही देवाच्या नाही, पण कसल्यातरी भरवशावर लॅपटॉप नेहमीसारखा चालू केला. या वेळी तो म्हणाला, डिस्क तपासतोय. आकडे चढत होते, मध्येच अडकत होते. मैत्री पण अंगठा तोंडात घालून बघत होती. अडकला तेव्हा विशालचा हात माझ्या मनगटावर आला, धरायला की दाबायला, त्यालाच माहीत नसेल. आणि मग विंडोजचा तो निळा उजेड आला. डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडलं. 'भाऊ फायनल फायनल' उघडली. त्याने नाव टाकलं, सेव्ह केलं, आणि खाली गेला.

दोन-तीन दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं. मी ठरवून टाकलं होतं, आता नाही. पार्ल्याचं ऑफिस राहू दे, दुसऱ्या मुली आहेत. रुबिना घरी येऊन शिव्या देऊन गेली. मी म्हटलं, तुझ्या घरी वेगळा कॉम्प्युटर आहे, तुला नाही कळणार.

दसरा झाला. पांढरे कपडे वाळत पडले होते, नागपूरला गेलेली माणसं परत येत होती. विशाल जेवता जेवता म्हणाला, "परत कधी करतेस?"

"काय?"

"तुझं ते. पुदिना."

मी आईंकडे बघितलं. त्या पोळी लाटत राहिल्या.

"त्यानेच काढल्या ना फायली बाहेर?" तो म्हणाला. "मग असू दे घरात. पण या वेळी फ्यूजची पेटी मी बघतो."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी माझा नवरा गल्लीच्या तोंडाशी मीटरच्या पेटीला पाठ लावून उभा राहिला, उन्हात. आई घरोघर सांगून आल्या, इस्त्री लावू नका, मिक्सर लावू नका, माह्या सुनेचं काम चालू आहे. कोणी विचारलं कसलं काम, तर म्हणाल्या, मले नाही समजत, पण मोठं आहे. मी परत त्या आडव्या पट्टीशी आले. रेघ तिथेच ओढली, अगदी थोडी जागा, तेवढीच. खालून विशालचा आवाज यायचा, "झालं का?" मग मधल्या घरातली कोणी वर ओरडायची, "झालं का गं?" मी ओरडायची, "नाही!" आणि ते नाही घराघरातून खाली जायचं. असं कितीदा. मध्ये त्याने माझं नाव विचारलं, मशीनने, आणि पासवर्ड. मी मैत्रीचं नाव टाकलं, घरात सगळ्यांना माहीत राहावं म्हणून.

झालं तेव्हा मी ओरडू शकले नाही, आईंनाच ओरडायला लागलं.

चालू करताना आता दोन ओळी यायच्या. वरची माझी, खालची विंडोज. काही सेकंदांत काही दाबलं नाही तर आपोआप वरची. विशाल घाईत असायचा, दाबायचा विसरायचा, आणि माझंच उघडायचं, मग चिडायचा. "यार, कामाच्या टायमाला हे नको." मी प्रज्ञाताईला फोन केला, तिने सांगितलं ते त्याच्यासमोर बसून केलं. काळी खिडकी उघडली, एक फाईल उघडली, त्यात एक आकडा बदलला, एक ओळ टाइप केली, एन्टर. माझ्या हाताने त्या सिस्टिमला दिलेली पहिली आज्ञा ही होती, की आधी नवऱ्याचं उघड. तो मागे उभा राहून बघत होता. "एवढंच असतं?" म्हणाला. मी म्हटलं, "एवढंच. दिवाळीपर्यंत तुझं आधी. मग बघू."

दिवाळी गेली. कंदील उतरले, फ्लेक्सचा वास कमी झाला. मी खालची-वरची करत, बाणाच्या बटणाने माझी ओळ गाठत, दुपारी सराव करत राहिले. मग बघू म्हटलं होतं ते मी पुन्हा काढलं नाही. घरात मागायच्या गोष्टींची एक मर्यादा असते, ती मी त्या सीझनला पार केली होती असं मला वाटायचं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मैत्रीला ताप. नेमका त्याच दिवशी. आई तिला मांडीवर घेऊन बसल्या, मी लॅपटॉप चालू केला, एकदा बघून घ्यावं म्हणून, आणि उठून ओली पट्टी बदलायला गेले. परत आले तर बाण दाबायची वेळ निघून गेली होती. मी कपाळाला हात लावला, आता विंडोज उघडणार, ते बंद करा, परत चालू करा, उशीर.

पण समोर माझा पडदा होता. माझा हिरवट रंग, माझं नाव, पासवर्डची रिकामी चौकट.

मी काही बदललं नव्हतं. ताई आली नव्हती, रुबिना आली नव्हती. त्या काळ्या खिडकीत काय टाइप करायचं ते घरात माझ्याशिवाय एकाच माणसाने बघितलं होतं.

विशाल दारात दात घासत उभा होता, पाठ माझ्याकडे. मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याने तोंडातला फेस गटारीत थुंकला, आणि मागे न वळता म्हणाला, "बघतेस काय? जा ना. मैत्रीला मी बघतो."